आरजीपी, आठवणीची मेल आणि तीस दिवस: बेळगावातल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग (धातूचं ओतकाम) आणि मशिनिंग करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. दुसरं युनिट मच्छे इथं आणि तिसरं वेंगुर्ला रस्त्यावर, बाची ओलांडली की लागणाऱ्या शिनोळीत. शिनोळी चंदगड तालुक्यात येते, म्हणजे महाराष्ट्रात. कारखान्याचा टेम्पो एका सकाळी तिन्ही युनिटं फिरून येतो. जीएसटीच्या लेखी मात्र पहिली दोन एका राज्यातली आणि तिसरं परराज्यातलं. हा फरक पुढं महत्त्वाचा ठरतो. (ओळख पटू नये म्हणून या टिपणात काही तपशील बदलले आहेत.)

फाउंड्रीच्या गेटमधून रोज बाहेर जाणाऱ्या मालातला बराचसा परत यायचा असतो. दुरुस्तीला गेलेला पॅटर्न (ज्याच्यावरून साचा घेतात तो नमुना), कोअर बॉक्स (साच्यातला गाभा घडवायची पेटी), कॅलिब्रेशनला गेलेलं गेज, रिवाइंडिंगला गेलेली मोटार, बाहेरच्या मशीन शॉपला धाडलेलं कच्चं कास्टिंग. या मालाला आरजीपी, म्हणजे परतीचा गेट पास लागतो. जो माल परत येणार नाही त्याला एनआरजीपी. पूर्वी तीन रंगांच्या कार्बन वहीवर हे चालायचं. २०१६ मध्ये आयटी सांभाळणाऱ्या एकट्या माणसानं ते मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट ऑनलाइनवर (याद्या आणि फायली इंटरनेटवर ठेवायची सेवा) आणलं: एक यादी, इन्फोपाथ या फॉर्म बनवायच्या साधनातला फॉर्म, आणि शेअरपॉइंट डिझायनर २०१३ मध्ये लिहिलेला वर्कफ्लो (ठरलेल्या पायऱ्या आपोआप चालवणारी आज्ञावली). पास भरला की युनिट हेडला मेल, मंजुरी मिळाली की गेटला मेल, आणि परतीची तारीख उलटली की पास काढणाऱ्याला दर आठवड्याला आठवण.

नऊ वर्षं हे चाललं. कुणी कौतुक केलं नाही, कुणी फार तक्रारही केली नाही.

अडचण

शेअरपॉइंट डिझायनरची २०१३ नंतर नवी आवृत्ती निघालीच नाही. २०१० पद्धतीचे वर्कफ्लो मायक्रोसॉफ्टनं ऑनलाइन सेवेतून १ नोव्हेंबर २०२० पासून काढायला घेतले (कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, तारीख बेळगावच्या माणसाच्या ध्यानात राहावी अशीच). २०१३ पद्धतीचे वर्कफ्लो नव्या ग्राहकांना २ एप्रिल २०२४ पासून मिळेनासे झाले, आणि जुन्या ग्राहकांसाठी ते २ एप्रिल २०२६ ला बंद होणार हे जाहीर झालं. इन्फोपाथच्या फॉर्मची मुदत १४ जुलै २०२६. म्हणजे फॉर्म आणि वर्कफ्लो दोन्ही जाणार होते, एकामागून एक.

त्यात यादी आधीच जड झाली होती. शेअरपॉइंटची यादी लाखो नोंदी साठवू शकते, पण एका वेळी ५,००० पेक्षा जास्त नोंदी चाळाव्या लागल्या की व्ह्यू (यादीचं गाळून दाखवलेलं रूप) हात वर करतो. या यादीनं तो आकडा कधीच ओलांडला होता. त्यामुळे ‘उघडे पास’ हा व्ह्यू मधूनच उघडायचा नाही, आणि स्टोअरमध्ये ‘साइट पडली’ अशी ओरड व्हायची. साइट ठीक होती. ज्या रकान्यावर गाळणी लावली होती त्याला इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नव्हता, एवढंच.

व्यवस्थापनाला बदल करायचाच होता. बदलायच्या आधी वापरणाऱ्यांना विचारा, असं जनरल मॅनेजर साहेबांनी सांगितलं. निर्णय योग्य होता. विचारण्याची पद्धत चुकली.

मतं कशी गोळा केली

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सवर इंग्रजीत सात प्रश्न पाठवले गेले. सध्याची व्यवस्था कशी वाटते, एक ते पाच गुण द्या, काय बदलावं ते लिहा. सरासरी चारच्या आसपास आली. शेरे मोजके: मोबाईलवर उघडत नाही, मंजुरीला वेळ लागतो, फॉर्म लांबलचक आहे, अकाउंट्सची पायरी कशाला.

उत्तरं देणारे जवळपास सगळे ऑफिसातले होते. गेटवर तीन पाळ्यांत मिळून बारा जण बसतात आणि सगळे मिळून एकच लॉगिन वापरतात. सर्वेक्षणाला ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ अशी अट होती. पहिल्या पाळीतल्या मामांनी घाईत चार गुण देऊन फॉर्म पाठवला आणि उरलेल्या अकरा जणांची दारं बंद झाली. पॅटर्न शॉपच्या फोरमननी (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) दोन गुण दिले होते. शेरा मराठीत, रोमन लिपीत, अर्धा तुटलेला. ‘आठवण मेल बंद करू नका’ असा त्याचा अर्थ होता. सरासरी काढताना तो बाजूला पडला, कारण आठवणीच्या मेल बंद करायचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला आयटीच्या माणसानं स्वतःहून दुसरी फेरी केली. तीन पाळ्यांत गेटवर बसून पाहिलं, आणि वर्कफ्लोचा इतिहास काढून मतांशेजारी मांडला. मत आणि नोंद एकमेकांसमोर ठेवल्यावर चित्र पालटलं.

मंजुरीला दोन दिवस लागतात, सिस्टीम मंद आहे, असं डिस्पॅचचं म्हणणं. नोंदीत मंजुरीची मेल मिनिटा-दोन मिनिटांत सुटलेली दिसत होती. युनिट हेड दिवसभर शॉपवर असायचे आणि मेल संध्याकाळी उघडायचे. वेळ तिथं जात होता.

अकाउंट्सची पायरी नको, असं उद्यमबाग आणि मच्छेचं म्हणणं. शिनोळीचे लोक मात्र त्या पायरीला हात लावू देत नव्हते. कारण साधं होतं: जॉब वर्कसाठी (बाहेरच्याकडून काम करून घेण्यासाठी) माल राज्याच्या सीमेपलीकडे जाताना त्याची किंमत कितीही असो, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) लागतं, आणि ते अकाउंट्स काढतं. उद्यमबाग ते मच्छे हा प्रवास एकाच राज्यातला, एकाच नोंदणीखालचा. मूळ वर्कफ्लोत हा भेद केलाच नव्हता, सगळ्यांना एकच वाट. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर होते.

गेटवरच्यांची खरी तक्रार तर सर्वेक्षणात आलीच नव्हती. बारा कोअर बॉक्स गेले आणि नऊ आले तर लिहायचं कुठं? फॉर्ममध्ये मालाचं वर्णन म्हणून एकच मोठा मजकुराचा डबा होता. अपुऱ्या परतीची सोय नसल्यामुळे गेटवाले पास उघडा ठेवायचे आणि उरलेला हिशेब वहीत लिहायचे. उघड्या पासांच्या यादीत कित्येक पास असे होते की माल केव्हाच पोहोचला होता, कागदावर मात्र तो अजून बाहेरच फिरत होता.

आणखी एक गोष्ट गेटवर बसल्याशिवाय दिसली नसती. गाडीचा नंबर जो तो आपल्या सवयीनं लिहायचा: कुणी केए २२ मध्ये जागा सोडून, कुणी आडवी रेघ देऊन, कुणी मराठी आकड्यांत. शिनोळीच्या गाड्या एमएच ०९ च्या. शोधताना एकाच गाडीच्या चार गाड्या व्हायच्या.

पर्याय

चार पर्याय चर्चेत आले. ईआरपीमधलं (कारखान्याच्या साठा-हिशेबाच्या मुख्य सॉफ्टवेअरमधलं) गेट पासचं मॉड्यूल सुरू करणं हा पहिला. तो तात्त्विकदृष्ट्या बरोबर होता, कारण साठा आणि चलन तिथंच होतं. पण गेटवरच्या आणि पॅटर्न शॉपमधल्या प्रत्येकासाठी वेगळा परवाना घ्यावा लागणार होता, आणि त्या मॉड्यूलचा स्क्रीन गेटवरच्या फोनवर मावत नव्हता. दुसरा पर्याय बाहेरच्या कंपनीचं तयार वर्कफ्लो साधन. खर्च दरवर्षीचा, आणि मुळातला प्रश्न तोच राहणार: नियम नीट कुणी लिहायचे?

तिसरा, आहे ते जसंच्या तसं पॉवर ऑटोमेटवर नेणं (हे मायक्रोसॉफ्टचं वर्कफ्लोचं नवं साधन, त्यातल्या वर्कफ्लोला ‘फ्लो’ म्हणतात). डिझायनरच्या वर्कफ्लोतल्या पायऱ्या तिथं त्याच क्रमानं पुन्हा लिहायच्या. इन्फोपाथचा फॉर्मही नव्यानं करावा लागतो. चौथा पर्याय यादीपासून नवी मांडणी.

पुन्हा वहीवर जाण्याची सूचनाही आली, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. वीज गेली, नेट गेलं तरी गेट थांबत नाही. वही ठेवायची हे तेव्हाच ठरलं आणि पुढंही बदललं नाही.

निवडला गेला तो तिसरा. वेळ कमी, माणूस एक, आणि सर्वेक्षणाची सरासरी चार. लोक समाधानी आहेत तर रचना कशाला हलवा, हा त्यामागचा तर्क. गेटवर बसून केलेल्या टिपणातलं फारसं काही त्या आराखड्यात उतरलं नाही. बैठकीसमोर सरासरीचा आकडा होता आणि टिपण एका डायरीत.

पहिला प्रयत्न आणि तो कुठं फसला

२१ जुलै २०२५ पासून पॅटर्न शॉपचे आणि मच्छे युनिटचे पास नव्या फ्लोवर घेतले गेले. पहिल्या पंधरवड्यात तीन दोष समोर आले आणि तिन्ही तसे लवकर सुटले.

पहिला दोष मेलच्या पुराचा. ‘नोंद तयार झाली किंवा बदलली’ या ट्रिगरवर (सुरुवात करून देणाऱ्या घटनेवर) फ्लो सुरू व्हायचा, त्याच नोंदीत पास क्रमांक लिहायचा, आणि त्या लिहिण्यामुळे पुन्हा सुरू व्हायचा. एका पासाच्या चार-चार मेल जाऊ लागल्या. मच्छेच्या युनिट हेडनी त्या मेल सरळ वेगळ्या फोल्डरात वळवल्या आणि मंजुऱ्या अडकल्या. ट्रिगरच्या सेटिंगमध्ये ‘स्थिती मंजुरीसाठी असेल आणि पास क्रमांक रिकामा असेल तरच’ अशी अट घातली आणि फेरा तुटला.

दुसरा दोष पाठवणाऱ्याच्या नावाचा. जुन्या वर्कफ्लोची मेल शेअरपॉइंटच्या नो-रिप्लाय पत्त्यावरून यायची. नवी मेल फ्लोच्या मालकाच्या नावानं, म्हणजे आयटीच्या माणसाच्या नावानं जाऊ लागली. लोक त्यालाच उत्तर द्यायचे, पास का अडला म्हणून फोन करायचे. १८ ऑगस्टला वेगळं सेवा खातं (कुणा माणसाचं नसलेलं, फक्त फ्लोसाठीचं लॉगिन) काढून फ्लो त्याच्या नावावर केले आणि मेल सामायिक मेलबॉक्समधून सोडल्या.

तिसरा रकान्यांच्या नावांचा, आणि हा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावा असा. शेअरपॉइंट प्रत्येक रकान्याला एक दिसणारं आणि एक आतलं नाव देतं. आतलं नाव रकाना पहिल्यांदा बनवताना ठरतं, नंतर बदलत नाही. देवनागरी अक्षर आत जाताना सात-सात चिन्हांच्या संकेतात बदलतं, आणि पूर्ण नाव ३२ चिन्हांवर कापलं जातं. म्हणजे चार अक्षरं (काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजायचा, मोकळी जागाही) आणि पाचव्याचा तुकडा. ‘माल प्रकार’ आणि ‘माल परिमाण’ असे दोन रकाने केले तर म, काना, ल आणि जागा इथंच २८ चिन्हं संपतात, पाचव्या अक्षराची पहिली चार चिन्हं दोन्हीकडे सारखीच, आणि आतलं नाव एकच होतं. मग शेअरपॉइंट दुसऱ्याच्या शेवटी आकडा चिकटवतं. फ्लो लिहिणाऱ्याला कुठला रकाना कुठला ते ओळखू येत नाही. वर हे नाव अंडरस्कोअरनं सुरू होत असल्यामुळे फिल्टरच्या ओळीत त्याआधी ‘ओडेटा’ आणि अंडरस्कोअर जोडावं लागतं, नाहीतर रकाना सापडत नाही असा दोष येतो. उपाय सोपा: रकाना बनवताना छोटं रोमन नाव द्यायचं, जतन करायचं, मग दिसणारं नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत करून टाकायचं.

हे तिन्ही दोष डोळ्यांना दिसत होते. चौथा दिसत नव्हता.

२४ जुलैला पॅटर्न शॉपनं एक मोठा पॅटर्न कोल्हापूरकडच्या मशीन शॉपला दुरुस्तीला धाडला. परतीची तारीख ३० ऑगस्ट. जुन्या वर्कफ्लोत ‘या तारखेपर्यंत थांब’ अशी कृती होती आणि ती महिनोनमहिने थांबून राहायची. नव्या फ्लोत तिची जागा ‘डिले अनटिल’नं घेतली होती. दिसायला तीच. पण पॉवर ऑटोमेटमध्ये कुठलाही रन (फ्लोची एक फेरी) ३० दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. २३ ऑगस्टला त्या पासाचा रन संपला. कुणाला मेल गेली नाही, यादीत काही बदललं नाही, पास ‘गेटबाहेर’ म्हणून उभाच. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, त्यामागून सुट्ट्या, हजेरी पातळ. ३० तारखेला जायची आठवण गेली नाही आणि ती गेली नाही हे कुणाला कळलंही नाही.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी, ८ सप्टेंबरला, मोल्डिंगला तोच पॅटर्न हवा होता. अण्णांनी रॅक पाहिला, मग यादी पाहिली, मग फोन केला. पॅटर्न तिकडं तयार होऊन पडला होता, न्यायला कुणी आलं नव्हतं. त्या ऑर्डरचं मोल्डिंग दोन दिवस पुढं गेलं.

चौकशीत आणखी एक अडचण निघाली. रनचा इतिहास २८ दिवसच दिसतो. सुरुवातीच्या पासांचं काय झालं हे शोधायला गेलं तेव्हा पानं कोरी होती. मग ३० दिवसांपेक्षा लांब परतीचे सगळे पास यादीतून हाताने काढून एकेकाला फोन करावे लागले.

आता जूनमधला तो अर्धा तुटलेला शेरा पुन्हा वाचला गेला. अण्णांना फॉर्मची, मोबाईलची, रंगांची फिकीर नव्हती. पॅटर्न दोन-दोन महिने बाहेर असतात, त्या मुदतीवर त्यांचं काम उभं असतं, आणि कारखान्यातल्या इतर कुणाचा पास सहसा इतका लांबत नाही. म्हणून ही अडचण फक्त त्यांनाच सुचू शकत होती. सरासरीत अशा एका माणसाचं वजन नगण्य होतं. नुकसान मात्र त्याच्याच टोकाला झालं.

पुन्हा बांधणी

सप्टेंबरच्या मध्यावर तिसरा पर्याय सोडून चौथा धरला. तत्त्व एकच ठेवलं: थांबण्याचं काम फ्लोनं करायचं नाही. पासची अवस्था यादीत राहील, फ्लो येईल, पाहील, काम करील आणि संपेल.

यादीचे दोन भाग झाले. एकीत पास: प्रकार, स्थिती, कुठून-कुठं, परतीची तारीख, शेवटची आठवण कधी गेली. दुसरीत मालाच्या ओळी: वस्तू, गेलेली संख्या, आलेली संख्या. बारा गेले, नऊ आले, तर ओळीत नऊ लिहायचं आणि पास आपोआप ‘अंशतः परत’ होतो. सगळ्या ओळी जुळल्या की ‘बंद’. ‘स्थिती’ आणि ‘परतीची तारीख’ या रकान्यांना यादी रिकामी असतानाच इंडेक्स लावला. उशिरा लावायला गेलं तर मोठी यादी अडवते. व्ह्यूची पहिली गाळणीही इंडेक्स असलेल्या रकान्यावरच हवी, आणि त्या गाळणीनंतर उरणाऱ्या नोंदी ५,००० च्या आत हव्यात.

मंजुरीचा फ्लो: ‘स्टार्ट अँड वेट फॉर ॲन अप्रूव्हल’ या कृतीला सेटिंगमध्ये ४ तासांचा टाइमआउट दिला. पुढच्या फांदीवर ‘रन आफ्टर’मध्ये (पुढची पायरी केव्हा चालवायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) टाइमआउटची खूण केली की वेळ संपल्यावर विनंती बदली अधिकाऱ्याकडे जाते. युनिट हेडना मंजुरी मायक्रोसॉफ्ट टीम्स या ॲपमध्ये कार्ड म्हणून जाऊ लागली, फोनवर शॉपमध्येच बोट लावता येतं. बदली अधिकारी कोण, यावर तांत्रिक कामापेक्षा जास्त वेळ गेला. शिनोळीच्या पासाला उद्यमबागेच्या साहेबांनी मंजुरी द्यायची का, हा खरं तर मानाचा प्रश्न होता. शेवटी प्रत्येक युनिटचा बदली माणूस त्याच युनिटातला ठेवला.

अकाउंट्सची पायरी अटीवर गेली. निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण वेगळ्या राज्यांत असेल तरच अकाउंट्सला काम जातं, आणि ई-वे बिलाचा क्रमांक भरल्याशिवाय स्थिती ‘गेटबाहेर’ होत नाही. जॉब वर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हवी, नाहीतर तो पुरवठा धरला जाऊन कर लागतो. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत नाही. म्हणून प्रकाराच्या रकान्यात हे वेगळे पर्याय दिले आणि कच्च्या कास्टिंगला ३०० दिवसांवर अकाउंट्सला वेगळी सूचना ठेवली. आयटीसी-०४ (जॉब वर्कच्या मालाचं जीएसटी विवरणपत्र) भरताना अकाउंट्सना हीच यादी गाळून मिळते.

आठवणीचा फ्लो रोज सकाळी ८ वाजता चालतो. स्थिती बंद नाही, परतीची तारीख उलटली आहे, शेवटची आठवण सात दिवसांपूर्वीची किंवा रिकामी, असे पास तो काढतो आणि प्रत्येक माणसाला एकच एकत्रित मेल देतो. इथं दोन खाचा आहेत. ‘गेट आयटम्स’ (यादीतून नोंदी आणणारी) कृती मुळात १०० च नोंदी देते, वाढवून घेतलं नाही तर एकशे एकाव्या पासाची आठवण कधीच जात नाही आणि दोषही दिसत नाही. पेजिनेशन (नोंदी टप्प्याटप्प्यानं आणणं) चालू करून मर्यादा ५,००० केली. दुसरी खाच वेळेची. पॉवर ऑटोमेटचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. वेळापत्रकात भारतीय वेळ निवडली तरी ‘आत्ता’ची तारीख काढताना ती वेगळी बदलून घ्यावी लागते. नाहीतर रात्रपाळीत मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात निघालेल्या पासावर आदल्या दिवसाची तारीख पडते. डिस्पॅचचा रात्रीचा लोड नेमका त्याच वेळात निघतो.

फॉर्मसाठी पॉवर ॲप्सचा (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं साधन) पर्याय होता. गेटवरच्या जुन्या फोनवर तो उघडायला फार वेळ घ्यायचा, म्हणून यादीचाच साधा फॉर्म ठेवला, त्याचे गट पाडले आणि एनआरजीपी निवडला की परतीची तारीख लपेल अशी अट लावली. गाडी नंबरला तपासणी लावली: मोकळी जागा नाही, रेघ नाही.

गेटचं सामायिक लॉगिन हा शेवटचा तिढा. प्रत्येकाला वेगळा परवाना परवडत नव्हता. लॉगिन एकच ठेवून पास सोडणाऱ्याचं नाव यादीतून निवडायचं, असं ठरलं. लेखापरीक्षणाच्या नजरेनं हे कमकुवत आहे. ते मान्य करून घेतलं गेलं, आणि वहीतली सही त्याला जोड म्हणून राहिली.

परिणाम

३ नोव्हेंबर २०२५ ला, दिवाळी आणि राज्योत्सवाची सुट्टी उलटल्यावर, तिन्ही युनिटं एकदम नव्या यादीवर आली. जुने उघडे पास आंधळेपणानं उचलले नाहीत. आधी दोन शनिवार स्टोअर आणि गेट यांनी वही घेऊन माल मोजला, आणि जो खरंच बाहेर होता तेवढाच नव्या यादीत घेतला. निम्म्याहून जास्त पास तिथंच बंद झाले.

१५ नोव्हेंबरच्या शनिवारी धोरणाप्रमाणे सेवा खात्याचा पासवर्ड बदलला गेला आणि कनेक्शन (फ्लोची त्या खात्याशी असलेली जोडणी) पुन्हा जोडायचं राहिलं. फ्लो थांबले. या वेळी मात्र ते कळलं. आठवणीचा फ्लो रोज शेवटी एका नोंदीत त्या दिवसाची तारीख लिहितो, आणि ती तारीख शिळी झाली की गेटच्या पानावरची पट्टी लाल होते. रविवारी गेटवर कुणी लक्ष दिलं नाही. सोमवारी पहिल्या पाळीच्या मामांनी सव्वाआठला फोन केला.

डिसेंबरमध्ये पुन्हा मतं घेतली, या वेळी तोंडी, मराठीत आणि कन्नडमध्ये, पाळीनिहाय. सगळ्यात जास्त पसंती कशाला मिळाली? परतीची तारीख उलटलेली ओळ तांबडी आणि आठवड्यावर आलेली पिवळी दिसते, याला. व्ह्यूच्या फॉरमॅटिंगमधलं हे अर्ध्या तासाचं काम. जुन्या पानावर असे रंग होते, जुलैच्या फ्लोत ते गेले होते, आणि ‘जुनंच बरं होतं’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या मनात तेवढंच होतं. अपुऱ्या परतीची सोय गेटवाल्यांनी दुसऱ्याच दिवसापासून वापरली. नापसंतीही होती: मालाच्या ओळी वेगळ्या भराव्या लागतात म्हणून डिस्पॅचला पास भरायला आता जास्त वेळ लागतो. ही तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर नाही. गेटचं काम सोपं झालं ते डिस्पॅचचं वाढवून.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वेक्षण टाळायला नको होतं, पण ते दुसरं यायला हवं होतं. आधी गेट, स्टोअर आणि पॅटर्न शॉपमध्ये प्रत्येकी एक पाळी बसणं, मग प्रश्न लिहिणं. एक ते पाच गुण मागण्यापेक्षा ‘तुमचा सगळ्यात लांबलेला पास दाखवा’ एवढं एकच विचारलं असतं तर अण्णांनी सत्तर दिवसांचा पास दाखवला असता आणि ३० दिवसांची मर्यादा कागदावरच अडली असती. ती मर्यादा मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात उघड लिहिलेली आहे. ती कुणी वाचली नाही, कारण ‘लांब थांबणं’ ही गरज म्हणून कुणी नोंदवलीच नव्हती.

प्रायोगिक टप्प्याची मुदतही चुकली. दोन आठवडे नीट चाललं म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘यशस्वी’ असा शेरा मारला गेला. ज्या व्यवस्थेचं काम दोन महिन्यांनी आठवण करून देणं हे आहे, तिची चाचणी दोन आठवड्यांत होत नाही. तारखा मागं-पुढं करून खोटे पास भरायचे, आणि एक खरा लांब पास शेवटपर्यंत जाऊ द्यायचा, एवढं तरी हवं होतं. जुना वर्कफ्लो तेव्हा चालू होता, तो नव्याच्या जोडीनं डिसेंबरपर्यंत ठेवता आला असता. दुहेरी मेल गेल्या असत्या, पण पॅटर्न परत आला असता.

सेवा खातं पहिल्या दिवशी काढायला हवं होतं. पासवर्ड बदलल्यावर कनेक्शन जोडायची पायरी आता आयटीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसह लिहिली आहे, फेब्रुवारीच्या पानावर. ती संगणकात का नाही, असं विचारलं तर उत्तर मिळतं की संगणकातली आठवण कुठं गेली ते आपण पाहिलं की. अण्णांच्या टेबलावरही एक वही आहे. बाहेर असलेल्या पॅटर्नची यादी ते दर सोमवारी तिच्यात उतरवून घेतात आणि स्क्रीनशी ताडून पाहतात. जानेवारीपर्यंत दोन्हींत फरक निघालेला नाही, तरी वही चालू आहे.